दातात दात

३ डिसें.
वरचा, समोरच्या दाताशेजारचा दात पुन्हा ठणकतोय. हिरडीवर फोड. दुसऱ्या डॉक्टरकडे जायची सोय नाही, कारण धाकटा दीर नीलेश दंतवैद्य. शहापुरात काचेचा दवाखाना, आत माशांची टाकी. सासूबाईंच्या मते मुरबाड ते वाशिंद असा डॉक्टर नाही. मागच्या महिन्यात नीलेशने माझं रूट कॅनाल केलं ते फोन कानाला लावून, प्लॉटचा भाव करत.

५ डिसें.
शाळेतून अर्धी रजा, शहापूर. नीलेश म्हणतो कॅनाल स्वच्छ आहे, तुम्ही गार पाणी पिता. डिसेंबरात! वर गोळ्या. भावापुढे आमच्या ह्यांची दातखीळ नेहमीचीच.

११ डिसें.
ओठ सुजला. वर्गातली पोरं फळा सोडून मलाच बघत होती. फोन न करता थेट गेले, नवा एक्स-रे काढायला लावला. नीलेश बराच वेळ बघत राहिला. दाताच्या पोटात आणखी एक चिमुकला दात असावा तसा आकार. दात बनतानाच वरचं कवच आत दुमडलं, म्हणाला. त्याने साफ केली ती एकच वाट, दुमडीतली घाण तशीच.
पहिल्या एक्स-रेत दिसत नव्हतं? मी विचारलं.
"दिसत होतं. मी नीट बघितलंच नाय." मग हळूच, "वहिनी, हा दात मला नाय जमायचा. कल्याणला स्पेशालिस्टकडे जा."
इतक्या वर्षांतलं पहिलं खरं वाक्य.

१४ डिसें.
नीलेशसाहेब घरी जेवायला. सासूबाईंनी गावठी कोंबडी केली, कशाबद्दल कोण जाणे. जेवून हात धुतल्यावर नीलेशने माझ्या लेकीला, सईला, तोंड उघडायला लावलं. तिचाही तोच दात, मागे बारीक भोक. आत्ताच बुजवलं तर आत कीड जाणार नाही, रूट कॅनालची पाळी टळेल. छोटं काम आहे, मी करतो म्हणाला.
सासूबाई: "सख्खा चुलता हाय. दुसऱ्याकडं कशाला?"
मी ताटं उचलली. माझ्या दातावर शिकला, आता माझ्या पोरीवर परीक्षा.

२० डिसें.
कल्याण. सई बरोबर. तिथल्या डॉक्टरबाईंनी मायक्रोस्कोपखाली माझा दात उघडला, औषध भरलं. वाचेलच असं सांगत नाही म्हणाल्या. सईचं भोकही बघितलं. "आत्ताच बुजवून टाकू?"
सकाळी घरून निघताना नीलेशचा फोन आला होता. तिकडेच करून घ्या वहिनी, मला राग नाय.
सई खुर्चीत चढूनही बसली होती. मी म्हटलं, घरी विचारून सांगते.
घरी कुणाला विचारणार होते मी?