गोरखच्या नावावरचा जुगार

नगर, गुरुवार, संध्याकाळ

कंपनीतून निघालो आणि गोरखच्या बायकोचा तिसगावहून फोन. "भाऊ, तुमी कॉम्प्युटरचं बघता, खरं सांगा. आमचे हे हापिसात जुगार खेळत हुते का वो?"

स्टोअरमधल्या गोरखला गेल्या आठवड्यात काढलं. आमचं इंटरनेट ज्या प्रॉक्सीतून जातं, तिथल्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, त्याच्या कॉम्प्युटरच्या नावापुढे रोज 'जुगार, अडवले' असं येत होतं. तो सगळ्यांसमोर ओरडत होता, "साहेब, मी कांद्याचा भाव बघतोय!" कोणी ऐकलं? मी तरी?

आज दुपारी साइट अडवणाऱ्या फिल्टरचा रूल उघडून पाहिला. माझाच रूल. जुगाराच्या साइटच्या नावात मधे टिंब आहे, आणि त्या टिंबाआधी बॅकस्लॅश द्यायचा राहिलाय. तो नसला की फिल्टरला टिंबाच्या जागी काहीही चालतं. कांद्याच्या साइटच्या नावात तीच अक्षरं, फक्त टिंबाऐवजी आडवी रेघ. म्हणून तीही अडवली, वर जुगाराचा शिक्का. एका टिंबापायी.

साहेबांना सांगितलं. मान वर न करता म्हणाले, "रूल नीट कर. बाकीचं उकरू नको, त्याच्या जागी माणूस घेतलाय." मी बॅकस्लॅश टाकला. साइट लगेच उघडली. कांद्याचा भाव पडलेलाच होता.

हे सगळं मला माहीत होतं, तिचा फोन आला तेव्हा. तरी तोंडातून काय निघालं? "वहिनी, ते साहेबांना विचारा."



"म्हंजी खेळतच हुते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.