शिडीचा हक्क

३ फेब्रुवारी, सकाळ
सूनबाईचं बीपी? ठीक. नातीचा खोकला? उतरला. चिरंजीवांचा गुडघा? कुरकुरतोय. माझी तब्येत? फर्स्टक्लास! मग शिडी माझीच का काढून घेतली? जन्मभर वायरिंग केलं मी. चिरंजीवांनी शिडी शेजारच्या रंगाऱ्याकडे नेऊन ठेवली. म्हणे, बाबा, तुमची ऐंशी झाली. अरे, माझी झाली, शिडीची नाही ना! जिन्यातला दिवा गेलाय. तो मीच बदलणार.

४ फेब्रुवारी
कायदा स्वतः वाचला. मुलांनी आईबापांना अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी द्यावं. त्यांना नेहमीसारखं जगता यावं. नेहमीसारखं! माझं नेहमीचं जगणं शिडीवर. केस खिशात. वकील नको.

५ फेब्रुवारी
चिरंजीवांविरुद्ध अर्ज दिला. सरकारी ऑफिस लांब, म्हणून त्यांच्याच गाडीतून गेलो. नाइलाज. त्यांनी रजा टाकली, सूनबाईने डबा दिला. खाल्ला, पण मनापासून नाही.
खिडकीतल्या बाईंनी विचारलं, जेवायला देतात? देतात. औषधं? देतात. मारहाण? छे हो, माझा मुलगा आहे तो! मग तक्रार काय, आजोबा? म्हटलं, शिडी. बाईंनी चष्मा काढून पुसला. छाप पडली.

९ फेब्रुवारी
सुनावणी. साहेब म्हणाले, सांभाळत नाहीत त्यांच्यासाठी कलम आहे, फार सांभाळतात त्यांच्यासाठी नाही. म्हटलं, प्रात्यक्षिकच बघा. त्यांच्या डोक्यावरची ट्यूब लुकलुकत होतीच. त्यांच्या खुर्चीवर चढलो. खुर्चीला चाकं आहेत हे आधी सांगायला नको? मला खरचटलंसुद्धा नाही. खाली चिरंजीव होते.

१० फेब्रुवारी
चिरंजीवांच्या पायाला प्लास्टर. सूनबाई कामावर, म्हणून जेवण, गोळ्या, लघवीचं भांडं, सगळं माझ्याकडे. मला विचारतात, बाबा, बापाने पोराला सांभाळायचा कायदा आहे का हो? म्हटलं, गप पड, गाढवा. पाणी पी.

१२ फेब्रुवारी
सूनबाईने शिडी परत आणली. जिन्यात उभी केली. म्हणाली, चढा बाबा, मी धरते. चिरंजीव पलंगावरून मान लांब करून बघत होते. एक पायरी चढलो. दुसरीला पाय उचलेना. शिडीच डुगडुगत होती. सूनबाई म्हणते, शिडी नाही बाबा, तुम्ही. दिवा तिनेच बसवला.

संध्याकाळी
साहेबांना पत्र लिहिलं: माझ्या अर्जावर असा हुकूम द्यावा की अर्जदाराने शिडी चढू नये. शिक्का मोठा मारावा. म्हणजे घरात सांगता येईल, मी तर चढलो असतो, पण सरकार आडवं आलं. उत्तर तेवढं लवकर धाडावं. नातीच्या खोलीतला पंखा बंद पडलाय, आणि सगळे माझ्याकडेच बघताहेत.