मेणाची रेघ

३ जून
वहीची माफी मागतो. एप्रिलपासून एक ओळ लिहिली नाही. लेकीचा मासिकातला लेख वाचण्यात दिवस गेले. ती ठिपकेवाल्या माशांवर संशोधन करते. माशाचे ठिपके, बिबट्याचे डाग, सगळं म्हणे गणिताने ठरतं. कातडीत दोन द्रव्यं. एक रंग वाढवतं, दुसरं अडवतं. अडवणारं जास्त वेगाने पसरतं, म्हणून डाग आपल्या हद्दीत राहतो. समीकरणं सोडून सगळं समजलं.
माझ्या तळपायावर काळा डाग आलाय, तोही हद्दीत राहील. काळजी सोडली.

४ जून, पहाटे
काळजी वाटली. कंपासने डाग मोजला. गोल नाही, पण होईल.

९ जून
हिने डाग पाहिला. डॉक्टरकडे चला म्हणाली. गणित समजावलं. म्हणाली, गणितात नापास होऊन शाळा सोडलीत, आता पाय गणिताच्या हवाली करा. बायकांना शास्त्र कळत नाही. लेक सोडून.

१७ जून
डाग सरकला. अडवणारं द्रव्य कमी पडतंय, एवढंच. उभा जन्म कापड रंगवण्यात गेला. रंग नको तिथे मेण लावायचं, हे मला कोणी शिकवू नये. बाटिकचं जुनं पितळी कलम काढून डागाभोवती मेणाची रेघ ओढली. चटका बसला. हात मात्र अजून स्थिर.
ही म्हणाली, मेणबत्ती तर झालातच, वात तेवढी राहिली.

२ जुलै
रंग रेघेपलीकडे. कारखान्यात असं झालं की दोष मेणाचा. मेण बदललं.

१४ जुलै
लेकीला फोन. सहज विचारलं, अडवणारं द्रव्य नसलंच तर. म्हणाली, मग डाग थांबत नाही, बाबा, आणि त्याला नक्षीही म्हणत नाहीत. पण का विचारताय. म्हटलं, माशांची काळजी वाटली. हसली.

२१ जुलै
हिने हाताला धरून नेलं. डॉक्टरांनी आधी मेण खरवडलं. मी गणित सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. मग जांघेत चाचपलं. तिथे गाठ आहे. म्हणाले, तुम्ही वरून कुंपण घातलंत, तो आतून गेला. डाग दिसला तेव्हाच यायचं होतं.
परत येतानाही हिने हात सोडला नाही. एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

२२ जुलै
लेकीला कळवायचं नाही, असं ठरवलं. लेख तिचा. उगाच मनाला लावून घेईल.
सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसलोय. पोरी, तूच कर ना फोन. लवकर कर. माशांबद्दलच बोलू.