कोल्हारची पार्टी

२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजेत या वर्षी विळा-कोयत्याशेजारी माझा दोर, टॉर्च आणि शिट्टी ठेवली. आईने शिट्टीला भरपूर कुंकू लावलं. ते आत गेलं. आता शिट्टी वाजत नाही. मुद्दाम केलं असं म्हणत नाही, पण नोंद केली.

अण्णांशी करार पक्का. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत माझ्या ‘डोंगरवाट हेरिटेज वॉक’ला एक खरं बुकिंग आलं, तर वर्षभर घरात लग्नाचा विषय नाही. नाही आलं, तर मुकाट्याने स्थळं बघायची. अण्णा इतक्या लवकर हो म्हणाले की संशय आला.

मी बी.ए. हिस्ट्री, फर्स्ट क्लास. घरात माझ्याआधी कॉलेज कोणी आतून पाहिलेलं नाही. सगळे ट्रेकर हरिश्चंद्रगडाला जातात, आमच्या मोरदऱ्यात फक्त चहाला थांबतात. आमच्या भैरोबाच्या डोंगरावर पाण्याची खोदीव टाकी आहेत. वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या कोणा वीराचा तो कोरीव दगड, आणि गाव त्यावर नारळ फोडतं. हे बदलायचं.

संध्याकाळी: धरणावरच्या तंबूवाल्या करणने माझी पोस्ट लाईक केली. का?

३ ऑक्टोबर

बुकिंग आलं! अंगदमामाचा फोन. रविवारी तीन माणसं, कोल्हारची. “चांगली पार्टी हाय, मोने. नीट बोल.”

आनंद झाला, पण डोकं थंड ठेवलं. मामा जन्मात डोंगर चढलेला नाही. त्याला हेरिटेजवाली माणसं कुठे भेटली? म्हणे वळखीतून. कोणाच्या? तर रेंज गेली. मामा राहतो टॉवरखाली.

करणचे हेर असावेत. माझा रूट चोरायला.

४ ऑक्टोबर

घरात विचित्र हालचाली. शनिवार असून अण्णांनी दाढी केली. आईने शेजारच्या छबूबाईंकडून काचेच्या कपबश्या आणल्या. मी विचारलं, तर म्हणाली, “तुजंच काम हाय ना? मंग?” मला भरून आलं. आईला हॉस्पिटॅलिटी कळायला लागली.

मात्र मोरपंखी साडी नेस म्हणाली तेव्हा ठाम नकार दिला. शेवटी तह झाला. वर पंजाबी ड्रेस, खाली ट्रेकिंगचे बूट. मामाने फोनवर सांगितलं, चष्मा काढून ठेव. चष्म्याशिवाय मला कडा दिसत नाही. हे त्याला माहीत आहे.

संकल्प: उद्या माहिती थोडी द्यायची, निरीक्षण जास्त करायचं.

५ ऑक्टोबर, सकाळी

आले. हर्षल, कोल्हारला ठिबकचं दुकान आहे. त्याची आई, जरीच्या साडीत. चुलते ज्ञानेश्वरकाका, पांढऱ्या इस्त्रीच्या कपड्यांत. हेर असे येत नाहीत. सोबत पेढ्यांचा पुडा. ट्रेकला पेढे? पाणी मात्र फक्त हर्षलने आणलेलं.

५ ऑक्टोबर, संध्याकाळी

उलगडा झाला. जमीनवाले आहेत!

पहिल्याच चढावर काकांनी विचारलं, जमीन किती, बागायत किती, वाटेकरी किती. बाईंनी विचारलं, भाऊ किती. मी टाक्यातल्या छिन्नीच्या खुणा दाखवतेय, तर बाई म्हणतात, “सैपाक कोन करतं घरी?” म्हणजे रिसॉर्ट, जेवणासकट. खालच्या गावात असंच झालं. आधी पाहुणे आले, मग पेढे आले, मग कुंपण आलं.

मी खोरं वाचवायचं ठरवलं. सांगितलं, आमची विहीर आटते. बांधावरून केस चालू आहे. चुलते कुऱ्हाड घेऊन धावतात. घरातलं कोणी शब्दाला टिकत नाही. काका मटकन दगडावर बसले. बाई म्हणाल्या, “आनि तू गं?” मी म्हणाले, मी तर सगळ्यांत कजाग. एकदा भांडायला उभी राहिले की सोडत नाही. बाईंनी पदराने घाम पुसला. पुसतच राहिल्या.

हर्षल सगळ्यांत धोकादायक. बोलतो कमी, ऐकतो फार. वीरगळापाशी गुडघ्यावर बसला, आपल्या बाटलीतलं पाणी ओतून नारळाचा चिकटा पुसला आणि विचारलं, गोष्ट खालून वर वाचायची का वरून खाली? किंमत काढत असणार.

मग म्हणाला, दोन मिनिटं एकट्यात बोलायचंय. लाच! मी तयारच होते. तो म्हणाला, “मोठी मान्सं ठरवत्यात, पन मला तुमच्याकडून ऐकायचंय. तुमची मर्जी हाय का?” मी म्हणाले, नाही. कधीच नसणार. मी विकाऊ नाही, हा डोंगर विकाऊ नाही. तुमच्यासारखे पुष्कळ येतील, त्यांनाही हेच सांगेन. त्याने बाटलीचं झाकण लावलं. मग “बरं केलं, सांगितलं” म्हणाला, आणि आईचा हात धरून तिला खाली उतरवत गेला.

पेढे परत नेले नाहीत. पण मी शिवले नाही.

६ ऑक्टोबर

आई बोलत नाही. अण्णा बोलत नाहीत. मामा फोनवर नको ते बोलला. म्हणजे घरचेही व्यवहारात सामील होते. आपल्याच माणसांनी! मन घट्ट केलं. सत्याची वाट एकटीची असते.

दुपारी: दोन पेढे खाल्ले. पुरावा म्हणून उरलेले ठेवलेत.

८ ऑक्टोबर

चुलतबहीण दिपाली आली. मी तिला सगळा कट समजावून सांगितला. ती हसून हसून खाटेवरून पडली. म्हणाली, “येडी का काय तू? जमीन बघाया न्हवते आले, तुला बघाया आल्ते! सगळ्या गावाला म्हाईत हुतं. करणलासुदीक!”

दिपालीचा यात काय फायदा असेल?

९ ऑक्टोबर

फायदा सापडला नाही.

कपबश्या. दाढी. चष्मा. ठीक आहे. पण करारात पाडव्यापर्यंत सवलत होती, ती मोडली अण्णांनी. तत्त्व माझ्या बाजूने आहे. मी हे जेवताना सांगितलं. अण्णांनी भाजी मागितली.

मामाकडून निरोपही कळला. बाई म्हणाल्या, पोरगी चांगली हाय पन लई चालवती. काका पाय शेकत बसलेत. हर्षलने घरी एवढंच सांगितलं, तिची मर्जी न्हाई, जबरदस्ती नको. कुऱ्हाडीबद्दल, कजागपणाबद्दल एक शब्द नाही.

१२ ऑक्टोबर

आज वीरगळापाशी गेले होते. कामासाठीच. अजून स्वच्छ आहे.

प्रत्येक गाईडने ग्राहकाचा फीडबॅक घ्यायला हवा. प्रोफेशनल बाब आहे. उद्या फोन करायचा.

१५ ऑक्टोबर

केला नाही. लगेच केला तर गैरसमज होतो.

१९ ऑक्टोबर

केला. बाईंनी उचलला. मी म्हणाले, फीडबॅक हवा होता. त्या म्हणाल्या, “हर्षल घरात न्हाई, पोरी. कालच राहुरीला सुपारी फुटली, धावपळ चाललीय. तुजं बी चांगलं हुईल.” मी अभिनंदन केलं. काकांच्या पायांची चौकशी केली. त्यांनी माझी केली नाही, म्हणजे राग गेलेला नाही.

फीडबॅक राहिला.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सकाळी फोन. हर्षल. लग्नानंतर दोघांना मोरदऱ्यात यायचंय. म्हणाला, त्या दगडाची गोष्ट मी तिला सांगितली, पण मला नीट जमली नाही. तुमीच सांगा.

मी नावं लिहून घेतली. तिचं नाव विजया. तिला बूट घ्यायला सांगा म्हणाले, चप्पल चालणार नाही. तो म्हणाला, घेतो.

कोणाचा वशिला नाही, मामा नाही. खरं बुकिंग, तेही पाडव्याच्या दिवशी. करार मी जिंकले.

अण्णांना सांगितलं. त्यांनी आधी कॅलेंडरवर तारीख बघितली. मग म्हणाले, ठरलं म्हंजे ठरलं. आता वर्षभर या घरात तुला कोन लग्नाचं विचारनार न्हाई.

वर्षाची मुदत थोडी कमी करता येते का, ते विचारणार होते. पण अण्णा शब्दाचे फार पक्के आहेत.