ट्रेलरमधलं आईचं रडणं

१२ जानेवारी, सोमवार. जळगाव

सरांनी प्रोजेक्ट दिलं. एक ट्रेलर घ्या, आणि कॅमेरा, आवाज, कपडे यांतून तो काय करतो ते वर्गापुढे मांडा. सगळ्यांनी हिंदी मारधाडीचे उचलले. मी म्हटलं, शनिवारी आला तो, आपल्या अहिराणी पिक्चरचा. सर म्हणाले, तोच का? मी पटकन बोलून गेले, "माझी आई आहे त्यात."

वर्ग हसला. मग एकेकानं मोबाइल काढला, पाहिला आणि हसणं बंद झालं. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारलं, "वडील...?" अगं आहेत! ठणठणीत आहेत! कुठून तोंड उघडलं असं झालं. अमळनेरला घरी जायची गाडी लेट. स्टेशनवर नुसत्या येरझाऱ्या.

१३ जाने., मंगळ

पप्पा आईशी बोलत नाहीत. शनिवारपासून. भाजीत मीठ कमी असेल तरी मला सांगतात, आई शेजारीच उभी असते.

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याकडे शूटिंग होतं. हेल काढून रडणारी बाई पाहिजे म्हणून पिक्चरवाल्यांची माणसं इकडे आली, तर आमच्या गल्लीनं एका सुरात आईचं नाव घेतलं. घेणारच. मयत कुणाचीही असो, आई गेलेल्या माणसाचा अख्खा जन्म रडण्यात सांगते, आणि पाठ फिरवून बसलेले पुरुषसुद्धा डोळे पुसतात. पप्पाच म्हणाले होते, जा. त्यांना वाटलं, बायांच्या घोळक्यात बसायचं, थोडं रडायचं, जेवून घरी यायचं.

ट्रेलरमध्ये (यापुढे नुसतं ट्रे.) ती एकटीच आहे. पुढ्यात नवऱ्याचं प्रेत. कपाळ पुसलेलं, हात मोकळे, गळा मोकळा. पप्पांच्या पिठाच्या गिरणीतच एका गिऱ्हाइकानं मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. पप्पांनी दळता दळता पाहिला आणि घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला सांग, मी अजून आहे."

त्यात अक्का. पप्पांची मोठी बहीण, समोरचं दार तिचं. दारातूनच सुरू, "मना भाऊ जित्ता शे, आन् हाई कपाय पुसी बठनी!" भाऊ जिवंत आणि ही कपाळ पुसून बसली, हे गल्लीभर ऐकू गेलं.

आणि नेमका आजच, पप्पा जेवायला बसलेले असताना, डायरेक्टरचा फोन. नवीन पिक्चर, या वेळी बोलायचं काम, चांगलं मोठं. जळगावला, २७ ला. पुन्हा विधवाच. आई म्हणाली, विचारून कळवते. कुणाला विचारणार? तो माणूस बोलतोय कुठे!

१४ जाने. संक्रांत

तिळगूळ घ्या, गोड बोला. आमच्याकडे अक्षरशः विनोद आहे हा.

संध्याकाळी शेजारी हळदीकुंकू. आई काठाची साडी नेसून गेली, मी मागून. कुंकवाचा करंडा घेऊन त्या घरची बाई आईसमोर आली आणि बोट हवेतच ठेवून म्हणते, "लावू ना वैनी? का पिक्चरवाले रागावतील?" सगळ्या खिदळल्या. आईपण हसली. मला इतका राग आला की वाण तिथेच ठेवून आले.

घरी येऊन आईनं घासलेली भांडी परत घासली. मी म्हटलं, तू तिला काही बोलली का नाहीस? म्हणे, "लावलं ना तिनं शेवटी."

१६ जाने., शुक्र

ट्रे. किती वेळा पाहिला त्याला हिशोब नाही. आता नीट लिहिते.

कॅमेरा: आधी सगळं धडाधड. हीरो पळतो, ट्रॅक्टर पेटतो, कुणी कुणाची कॉलर धरतो. धड काही बघूच देत नाहीत. मग आईच्या टाचा. भेगा पडलेल्या. तिथून कॅमेरा हळूहळू वर. मनगटं, बांगड्यांचे वळ आहेत, बांगड्या नाहीत. गळा. कपाळ. आणि तिथे थांबतो, हलायलाच तयार नाही. बघणाऱ्यानं नजर वळवायची म्हटली तरी दुसरीकडे बघायला काही ठेवलेलं नाही.

कपडे: त्यांनी पांढरी साडी आणली होती, मग डायरेक्टरच म्हणाला, नको, तुमची रोजची नेसा. म्हणून ती जांभळी, विटकी. हीच नेसून आई पप्पांना डबा द्यायला गिरणीत जाते. पदराच्या शिवणीत पीठ अडकलेलं असतं, धुतलं तरी निघत नाही. साडी पिक्चरची असती तर पप्पांना नटी दिसली असती. साडी घरची, म्हणून बायको दिसली. हा मुद्दा मी वर्गात मांडणार, सर खूश होतील. घरी मांडून बघायची हिंमत नाही.

आवाज: राहिला. मोबाइलवर नुसता गोंगाट वाटतो.

१९ जाने., सोम

आजचं आजच लिहिते.

कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीत मोठे हेडफोन लावून ऐकलं. ढोल आहेत, वर बासरी चढवलीय, आणि त्याच्या खाली आईचा हेल. तो तिच्या शॉटपुरता नाही, पार पिक्चरचं नाव येईपर्यंत चालू राहतो. शब्द कळेनात. मागे घेतलं, पुन्हा, पुन्हा. मग कळले.

"मनी माय वं, तुना जातावर आते कोन बसी?"

माय? तुझ्या जात्यावर आता कोण बसेल? समोर नवरा मेलाय आणि ही 'माय वं' म्हणून रडतेय!

मग आठवलं. ही ओळ आजीसाठीची, पप्पांच्या आईसाठीची. आजीनं पप्पांच्या गिरणीचं पीठ कधी खाल्लं नाही. मशीनची भाकर गोड लागत नाही म्हणायची, शेवटपर्यंत जात्यावर दळलं. ती गेली तेव्हा आई हेच रडली होती. म्हणजे अख्ख्या पिक्चरवाल्यांसमोर आई नवऱ्यावर रडलीच नाही. सासूवर रडली. आणि ढोल-बासरी लावणाऱ्यांना पत्ताही नाही.

कधी एकदा घरी जाते असं झालं. धरणगावला गाडी उगाच उभी राहिली.

२० जाने., मंगळ

विचारलं. काल पप्पा घरातच होते म्हणून आज. आई भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"जित्ता माणूसवर कसं रडू वं? तोंडच उघडेना. तो डायरेक्टर घामाघूम. मग डोळे मिटले, सासूबाई आठवल्या. निघाला आवाज."

मी उड्याच मारल्या. म्हटलं, पप्पांना आत्ता जाऊन सांगते! आईनं माझा हातच धरला.

"नको. नवऱ्यावर नाही, सासूवर रडली म्हणून जा म्हणतील. आणि नवीन कामात खरंच नवऱ्यावर रडायचंय. तेव्हा काय सांगू त्यांना?"

"अगं पण..."

"पण नाही. मला जायचंय. मी काय रडले ते तपासून त्यांनी पाठवलं तर मला नाही जायचं." मग हळू आवाजात, "आणि कॉलेजात पण बोलू नको. चूक आहे म्हणून कळलं तर दुसरीचा आवाज टाकतील."

आईला काही इतकं हवं असलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. तिला गप्प बसायचंय ते बसू दे, मला का बसवते?

२२ जाने., गुरु

प्रेझेंटेशन झालं. कॅमेरा छान. साडीच्या मुद्द्याला सरांनी मान हलवली. आवाजाला आले आणि नुसता ढोल-बासरीचा मुद्दा वाचून टाकला. सर म्हणाले, "शब्द कळत नाहीत हा दोष नाही का?" म्हटलं, "नाही सर. ज्याला कळायचे त्याला कळतील." सर म्हणाले, हे विश्लेषण नाही, हट्ट आहे. असेल.

२४ जाने., शनि

दुपारी डबा द्यायला गिरणीत गेले. बायांची रांग, गहू, ज्वारी, गोंगाट. पप्पा आणि मी तिथे नेहमी खुणांनीच बोलतो.

आणि लाइट गेली. पट्टा फिरत फिरत थांबला. एवढी शांतता तिथे कधी ऐकलीच नव्हती. रांगेतल्या एकीनं वेळ घालवायला मोबाइल काढला आणि लावला काय, तर तोच ट्रे.!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पप्पांनी ट्रे. पाहिला होता, गिरणी चालू असताना. ऐकलाच नव्हता.

पप्पांचा हात पिठाच्या डब्यात होता, तसाच राहिला. आईचा शॉट आला, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. नुसतं ऐकलं. एवढ्या शांततेत, एकदा ऐकलेल्या कानाला, मोबाइलवरही 'माय वं' कळत होतं. संपल्यावर म्हणाले, "ताई, परत लाव बरं." तिनं लावला. मग लाइट आली तरी बटण दाबेनात. बाया ओरडायला लागल्या, "भाऊ, गिरणी लावा ना!" तेव्हा कुठे लावली. डोळ्यांवर पीठ उडाल्यासारखे बाहीनं पुसत होते. मी एक शब्द बोलले नाही. देवाशप्पथ.

२५ जाने., रवि

वाटलं होतं, आज बोलतील. कसलं काय! सकाळी आंघोळीला जाता जाता मलाच विचारलं, "त्या नवीन कामात कोण मरतं?"

म्हटलं, "नवरा."

"हं," म्हणाले आणि दार लावून घेतलं. ह्या 'हं'चं मी काय करू? आईला सांगितलं. ती पण "हं" म्हणाली. जोडीला जोड आहेत.

दुपारी आईनं कुणालाही न विचारता डायरेक्टरला फोन केला. येते म्हणाली.

२७ जाने., मंगळ. गाडीत

अक्षर हलतंय.

सकाळी पप्पा ओट्यासमोर स्कूटर पुसत होते. आई तीच जांभळी साडी नेसून बाहेर आली. सगळ्यांसमोर, उजेडात, तिनं मंगळसूत्र काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "संध्याकाळपर्यंत सांभाळा. तिथं काढायला लावतील, इकडंतिकडं ठेवलं जाईल. तुमच्याजवळ असलेलं बरं."

समोरच्या दारात अक्का. तोंड उघडं, आवाज नाही. पहिल्यांदाच!

पप्पा हाताकडे बघत राहिले. मग शर्टाच्या खिशात टाकलं, स्कूटरला किक मारली आणि गिरणीकडे गेले. चल सोडतो, एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. आम्ही रिक्षानं स्टेशनला आलो.

आईचा हात सारखा गळ्याशी जातोय. डायलॉग पुटपुटतेय, मधेच विसरतेय.

मी म्हटलं, "त्या शर्टाच्या खिशाला बटण नाही. डबा उचलायला वाकले की थेट पिठात."

"नाही वाकणार आज," आई म्हणाली.

"आणि वाकले तर?"

गळ्याशी गेलेला हात तिनं खाली घेतला आणि डायलॉग पहिल्यापासून सुरू केला. धरणगाव मागे गेलं.