कागदावरचा एक जून

प्रिय दादा,

हे वाचशील तेव्हा माझी ठमी तुझ्या घरी पोचलेली असेल. कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, ते राहिलंच. बॅगेत चार जाड स्वेटर कोंबलेत. तिथल्या उकाड्यात त्यांचं काय लोणचं घालणार, असं विचारलं तर म्हणाली, परत येताना लागतील.

इथला कायदा असा, की मुलं एकवीस वर्षांची होईपर्यंतच आई-बापाच्या व्हिसावर राहू शकतात. त्यानंतर ती परकी. लोक मुलीच्या वाढदिवसाला केक आणतात, आम्ही विमानाचं तिकीट काढलं. कायमच्या परवान्याच्या रांगेत आम्ही अकरा वर्षं उभे आहोत. त्यापायी हे एकाच मालकाकडे दवाखान्यांची मशीनं दुरुस्त करत राहिले, कारण मालक बदलला की पुन्हा रांगेच्या शेपटाला. मला तर नोकरीची परवानगीच नाही. ग्रंथपालाची पदवी घेऊन मी पंधरा वर्षं स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतेय. आमचा नंबर सप्टेंबरात लागेल म्हणतात. ठमी जन्मली डिसेंबरात. म्हणजे सगळं बसत होतं रे! पण पासपोर्टावर तारीख आहे सहा महिने आधीची, एक जून, शाळेच्या दाखल्यावरून उतरवलेली.

वकीलबाईंना खरं सांगून पाहिलं. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, हे पुन्हा बोलू नका, इतकी वर्षं खोटी तारीख दिली म्हणून तिघांनाही हाकलतील. आम्ही दोघं तिच्याबरोबर आलो तर अर्ज बुडतो आणि तिला परत आणायची वाटही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

ठमीनं मला विचारलं, तारीख बदलली कोणी? मी म्हटलं, तुझ्या मामानं. हेडमास्तर होता, मुलीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून परस्पर लिहून टाकली. तेव्हापासून ती तुझ्या नावानं बोटं मोडतेय आणि मीही तिच्या सुरात सूर मिसळतेय.

खरं काय ते आपल्या दोघांनाच ठाऊक. जावेचा मुलगा पहिलीत चालला आणि माझी मागे राहणार, एवढ्यासाठी मी तुझ्या ऑफिसात रडून गोंधळ घातला होता. तू दोनदा पेन खाली ठेवलंस. जन्मात एकच खोटं काम केलंस, तेही माझ्यासाठी, आणि आज मी तुलाच पुढे केलं. लाज वाटते, दादा. पण ती माझ्यावर रुसून गेली असती तर मी इथे जगले नसते.

ती तुझ्याशी भांडेल. भांडू दे. ‘तारीख मीच परस्पर लिहिली,’ एवढंच तिला म्हण. फोनवर हे तिच्यासमोर बोलता येईना, म्हणून पत्र तिच्याच हाती देतेय. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. पण तुझ्या घरात राहून ती चार महिन्यांत शिकेल, तू शिकवल्याशिवाय राहणार नाहीस. तेव्हा वाचून झालं की हे फाडून टाक.

तुझीच,
धाकटी