मागून नवा बोर्ड येतोय

श्रीरामपूर, १४ जून १९९८

चि. प्रज्ञास,

तुझ्या आप्पांचे भरघोस आशीर्वाद आणि घरातल्या सगळ्यांचा जयभीम. आम्ही खुशाल आहोत. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, पण बोलण्यावर त्याचा काही परिणाम नाही. मेसचं जेवण अंगी लागतं का? (खरं लिही. मागच्या वेळी ‘हो’ लिहिलंस, तेव्हा अक्षरसुद्धा वाळलेलं होतं.)

दिवाळीत पुण्याला परत जाता जाता तू म्हणालीस, घरी कॉम्प्युटर असता तर कॉलेजचं काम इथंच केलं असतं, सुट्टीभर राहिले असते. तू बोलून गेलीस आणि आम्ही कामाला लागलो. मी टेबल करून घेतलं. आईने आपल्या हिरव्या साडीचा झालरवाला अभ्रा शिवला, कॉम्प्युटर न बघताच, टीव्हीच्या मापाने. मग मी छगनच्या दुकानात गेलो. (पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा तोच, हल्ली कॉम्प्युटर जोडून देतो.) त्याने टीएक्स नावाचा मदरबोर्ड दाखवला आणि म्हणाला, सगळं ह्याच्यावरच चालतं. तुला कळवलं, तर तुझं उत्तर आलं की थांबा, एलएक्स चांगला. एलएक्स आला, तर तू लिहिलंस, एप्रिलात बीएक्स येतोय, आणखी थोडं थांबा. थांबलो. बुद्धपौर्णिमेला तू येशील म्हणून आईने खीर केली. तू आली नाहीस, बीएक्सची माहिती आली. (चार पानं, त्यात आमच्याविषयी दीड ओळ.) खीर मी संपवली.

मंगळवारी बीएक्स आणायचाच म्हणून गेलो, तर छगन म्हणतो, "कंडक्टरसाहेब, घाई करू नगा. मागनं नवा बोर्ड येतोय, लई फास्ट हाय."

प्रज्ञा, मी स्टुलावर बसून हसत सुटलो. अगं, हे तर माझंच वाक्य! अठ्ठावीस वर्षं एसटीच्या दारात उभं राहून मी हेच सांगितलं, ‘मागनं गाडी रिकामी येतीय,’ आणि डबल बेल दिली. मागची गाडी कधीच रिकामी नसायची. बऱ्याचदा मागे गाडीच नसायची. (पाथर्डीच्या स्टँडवर एकदा गर्दीत चेहरा न बघता तुझ्या आजीलाच, माझ्या सासू रंगुबाईंना, हे सांगितलं. संध्याकाळपर्यंत बसल्या बिचाऱ्या. तेव्हापासून त्या मला ‘मागची गाडी’ म्हणायच्या.) हसून झालं आणि वाईट वाटलं. सात महिने झाले, मी आणि तुझी आई तसेच स्टँडवर बसलोय. घरी आलो तर ती दारातच उभी. म्हणाली, "बोर्ड कवा येतो ते ऱ्हाऊ द्या. पोरगी कवा येती ते सांगा." तुझी फार आठवण येते गं.

प्रकृतीला जप. दूध पीत जा.

तुझे आप्पा
(भीमराज)

ता. क. : बुधवारी जाऊन टीएक्सच घेऊन आलो. नुसत्या मदरबोर्डवर काहीच दिसत नाही, पडदा वगैरे सगळं वेगळं आणावं लागतं, हे घरी आल्यावर कळलं. तूर्त तो टेबलावर अभ्र्याखाली आहे. अभ्रा त्याला फारच मोठा होतो. बाकीचं काय आणायचं ते येऊन सांग. नाही सांगितलंस तरी चालेल, पण ये.

आणखी एक : येत्या रविवारी पुण्याहून सकाळच्या श्रीरामपूर गाडीवर काकासाहेब कंडक्टर आहे, माझा जुना सोबती. त्याला सांगून ठेवलंय, गाडी कितीही भरलेली असू दे, माझ्या पोरीला मागच्या गाडीचं सांगू नको.